उरलेल्या ताकदीचा हिशेब

तालुक्याच्या ठिकाणी दिव्यांगांसाठी साहित्यवाटपाचे शिबिर भरते, तेव्हा तीनचाकी सायकल, कुबड्या, कॅलिपर, व्हीलचेअर, कृत्रिम पाय अशी यादी तयार असते. कोणाला काय द्यायचे ते ठरवायला डॉक्टर असतात, मापे घ्यायला तंत्रज्ञ असतात, अंगठे आणि सह्या घ्यायला कर्मचारी असतात. ती सायकल हाताने चालवायला किंवा ती खुर्ची उंबऱ्यावरून चढवायला जी ताकद लागते, ती कोठून येणार, हा प्रश्न मात्र अर्जाच्या कोणत्याच रकान्यात नसतो. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात त्याचे उत्तर टाळून चालत नाही. बालाघाटच्या पठारावरचा हा मुलूख चढउतारांचा. डांबरी रस्ता सोडला की काळ्या रानातल्या वाटा, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वाळलेली ढेकळे. हातपेडलची तीनचाकी सपाट रस्त्यावर चालवणे वेगळे आणि वस्तीवरून चढ चढून बाजाराच्या गावात आणणे वेगळे. पुष्कळ तीनचाक्या ओसरीला गंजत पडतात, त्या चालवणाऱ्याला नको असतात म्हणून नव्हे. त्याचे दंड आणि खांदे तेवढे काम करू शकत नाहीत म्हणून. शारीरिक अपंगत्व आले की ताकदीच्या व्यायामातून माणसाला सूट मिळाली, असे आपण गृहीत धरतो. या लेखाचे म्हणणे नेमके उलटे आहे: इतरांपेक्षा त्यालाच हा व्यायाम अधिक निकडीचा आहे, आणि तो त्याच्या शरीराला जुळवून घेणे आपण समजतो तेवढे अवघड नाही.

कारण शरीराच्या रचनेत आहे. उठणे, चालणे, चढणे ही दिवसभराची कामे धडधाकट माणूस मांड्या आणि नितंबांच्या मोठ्या स्नायूंकडून करून घेतो. पाय निकामी झाले की तीच कामे खांदे, दंड आणि मनगटांवर येतात. खांद्याचा सांधा हात चहूकडे फिरावा म्हणून उथळ असतो. साठ किलोचे शरीर दिवसातून अनेकदा बाजेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून शौचालयाच्या बैठकीवर उचलून नेण्यासाठी तो घडलेला नाही. मांडीतून पाय कापलेल्या माणसाला कृत्रिम पायाने तेच अंतर तोडायला जास्त दम लागतो. म्हणजे ज्याचे काम करणारे स्नायू कमी, त्याच्या प्रत्येक स्नायूवर बोजा अधिक. वयाबरोबर स्नायू घटतात हा नियम सगळ्यांना लागू आहे. पण ज्याच्या खात्यात शिल्लकच थोडी, त्याचे खाते आधी रिकामे होते. याच जिल्ह्याच्या उमरगा आणि लोहारा तालुक्यांना ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाने उद्ध्वस्त केले. त्या पहाटे विशीत जायबंदी झालेली माणसे आज पन्नाशीच्या पुढे आहेत. अशा माणसाला खुर्चीत बसायला आधार लागू लागला की जुनी दुखापत वाढली असे घरचे समजतात. पुष्कळदा दुखापत होती तेवढीच असते, वाढलेली असते ती अशक्तता, आणि ती बऱ्याच अंशी भरून काढता येते.

ताकदीचा व्यायाम म्हणजे धडधाकटांची मिरास आणि दिव्यांगांनी त्यातले काहीतरी हलकेफुलके उसने घ्यायचे, हा समज इतिहासाला धरून नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांत हातापायांना जबर इजा झालेले सैनिक महिनोन्महिने उपचार घेत होते. अशक्त स्नायूंना हलके वजन पुष्कळ वेळा उचलायला लावायचे, अशी तेव्हाची रीत होती. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमधले तरुण लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी ती बदलली. पौगंडावस्थेत संधिवाताच्या तापाने ते स्वतः अंथरुणाला खिळले होते आणि नंतर वजने उचलून त्यांनी ताकद परत मिळवली होती. रुग्णाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढे वजन शोधायचे, तेवढ्यावरच काम करायचे आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवायचे, ही त्यांची पद्धत. सैनिक लवकर सावरू लागले आणि १९४५ मध्ये डीलॉर्म यांनी हे निष्कर्ष अस्थिशल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी दहा-दहा आवर्तनांचे तीन सेट रूढ केले: पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आज शहरातल्या वातानुकूलित जिममध्ये प्रशिक्षक ‘तीन सेट, दहा रेप्स’ असे बजावतो, तेव्हा तो जखमी सैनिकांच्या वॉर्डात घडलेली रीत सांगत असतो.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान मणक्याच्या इजेच्या रुग्णांवर काम करत होते. त्याआधी असे रुग्ण बहुधा मूत्रमार्गाच्या संसर्गाने आणि दाबाच्या जखमांनी काही वर्षांतच दगावत. १९४४ मध्ये सुरू झालेल्या या विभागात गुटमान यांनी खेळ हा उपचाराचाच भाग केला. २९ जुलै १९४८ रोजी तेथे झालेल्या धनुर्विद्येच्या छोट्या स्पर्धेत सोळा जखमी सैनिक उतरले, आणि तिच्यातून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६४च्या टोकियो स्पर्धेत मणक्याची इजा झालेल्या पुरुषांसाठी वजन उचलण्याचा प्रकार आला. आजची पॅरा पॉवरलिफ्टिंग त्याच परंपरेतून आली. खेळाडू बाकावर उताणा झोपतो, पाय बाकावरच असतात आणि गरज पडल्यास पट्ट्याने बांधले जातात, मग तो छातीवरून वजन वर ढकलतो. २०१६च्या रिओ स्पर्धेत इराणच्या सियामंद रहमान यांनी असे ३१० किलो उचलले. इथे बाकाची रचना आणि पायांची व्यवस्था बदलली. वजन मात्र सवलतीचे नव्हते, आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा नियमही तोच राहिला.

महाराष्ट्राला हे धडे दूरचे नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात सियालकोट क्षेत्रात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर साथ देईना. उपचार म्हणून सुरू झालेल्या पोहण्यातून त्यांनी हात, खांदे आणि धड पुन्हा घडवले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. त्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांचा डावा हात शाळकरी वयातल्या अपघातानंतर कायमचा अधू झाला. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी एफ-४६ गटात गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्यपदक घेतले. एकाचे पाय गेलेले, दुसऱ्याचा हात. म्हणून तयारीच्या दिशाही उलट. पेटकरांनी वरच्या अंगावर भर दिला. गोळा हातातून सुटत असला तरी त्याला लागणारा रेटा पाय आणि कंबरेतून येतो, म्हणून खिलारींची फेक शाबूत पाय आणि धडावर उभी राहते. दोघांच्या तयारीत आधी विचारायचा प्रश्न एकच: काम करण्याजोगे काय उरले आहे? मणक्याच्या इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून चालणारे पुण्याच्या खडकीतले पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर हाच प्रश्न विचारत आले आहे.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: ही माणसे असामान्य, पदकविजेत्यांवरून वाशीच्या बाजारपेठेत टपरी चालवणाऱ्या माणसाबद्दल काय सिद्ध होते? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच खरा पुरावा खेळाडूंचा नाही, सामान्य रुग्णांचा घ्यायला हवा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी मणक्याची इजा झालेल्या ३४ जणांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, नऊ महिने व्यायाम केलेल्या गटाची वरच्या अंगाची ताकद वेगवेगळ्या स्नायूंत १९ ते ३४ टक्क्यांनी वाढली. शिवाय वेदना, ताण आणि नैराश्य कमी झाल्याचे त्यांनी सांगितले. व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि खांदेदुखीने बेजार झालेल्या ८० जणांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. घरच्या घरी बारा आठवडे खांद्याचे ताकदीचे व्यायाम करून आणि खुर्चीत चढण्या-उतरण्याच्या सवयी सुधारून त्यांच्यातल्या व्यायाम करणाऱ्या गटाचे दुखणे साधारण एक तृतीयांशावर आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हा अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी प्रथमच स्वतंत्र शिफारशी आल्या. प्रौढांना सांगितलेली गोष्ट सर्वांसारखीच आहे: आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम.

जुळवून घेणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे आता पाहू. पहिला प्रश्न पकडीचा. बोटांत जोर नसेल तर डंबेल हातात बांधून घेण्याऐवजी वजनाची पट्टी मनगटावर किंवा कोपराच्या खाली बांधता येते. जाड कापडात शिवलेली वाळूची पिशवी हे काम करते. दुसरा प्रश्न तोलाचा. पोट आणि पाठीचे स्नायू धरत नसतील, तर खुर्चीचे ब्रेक लावून ती भिंतीला टेकवायची आणि छातीभोवती रुंद पट्टा घ्यायचा. धड स्थिर झाले की हात मोकळेपणाने काम करतात. तिसरा प्रश्न दिशेचा, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. खुर्ची ढकलणाऱ्याचे छातीकडचे स्नायू दिवसभर राबतात, पाठीकडचे उपाशी राहतात. त्यामुळे खांदे पुढे झुकतात आणि सांध्यात घासण सुरू होते. अशा माणसाला आणखी ढकलण्याचे व्यायाम देण्यापेक्षा ओढण्याचे द्यायला हवेत. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला किंवा खांबाला अडकवायचा, कोपरे मागे नेत दोन्ही टोके पोटाकडे ओढायची आणि पाठीची पाती एकमेकींजवळ आणायची. वजन किंवा ताण किती हवा, यासाठी डीलॉर्मचा नियम आजही पुरतो: आठ-दहा आवर्तनांनंतर दमणूक जाणवेल इतका ताण, दोन-तीन सेट, आठवड्यातून दोन दिवस, आणि सोपे वाटू लागले की थोडी वाढ.

अपंगत्वाचा प्रकार बदलला की भरही बदलतो. गुडघ्याखालून किंवा मांडीतून पाय गेलेल्यांची चाल कमरेच्या स्नायूंवर अवलंबून असते. त्यांनी बाजेवर पालथे पडून पाय मागे उचलणे आणि कुशीवर होऊन बाजूला उचलणे हे व्यायाम कृत्रिम पाय काढूनच करावेत. पालथे पडण्याने खुब्याचा सांधा आखडण्यालाही आळा बसतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांनी जोर लावला तर स्नायूंचा ताठरपणा वाढेल, असे अनेक दशके शिकवले गेले. अमेरिकेतल्या डायान डॅमियानो आणि इतर संशोधकांनी १९९०च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांत ही भीती खरी ठरली नाही. ताकद वाढली, ताठरपणा वाढला नाही. चालण्यात होणारी सुधारणा मात्र दर वेळी तेवढी मोठी नसते, हेही याच संशोधनात दिसते. म्हणून अशा मुलाला केवळ वजन देण्यापेक्षा पाटावरून किंवा स्टुलावरून हात न टेकता उठायला लावणे आणि बैठकीची उंची हळूहळू कमी करत जाणे अधिक उपयोगी. ताकद ज्या हालचालीत लागते, तिच्यातच ती कमावली जाते. लहानपणी पोलिओ झालेल्यांचे गणित वेगळे. उतारवयात त्यांच्यातल्या काहींना नवी अशक्तता जाणवू लागते, त्यामुळे थकेपर्यंत व्यायाम त्यांच्यासाठी नव्हे. दुसऱ्या दिवशीही थकवा टिकला तर मात्रा जास्त झाली असे समजावे. लकव्यात एक बाजू लुळी पडलेल्यांना आणखी एका गोष्टीचा आधार आहे. एका बाजूला व्यायाम दिला की दुसऱ्या बाजूचीही ताकद थोडी वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ मध्ये नोंदले गेले आणि त्यानंतर अनेकदा पडताळले गेले आहे.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो पूर्णपणे खोटा नाही. छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याहून वर इजा असलेल्यांना मूत्राशय भरलेले असताना किंवा कपडा घट्ट असताना रक्तदाब एकाएकी चढण्याचा धोका असतो. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, इजेच्या वरच्या भागाला दरदरून घाम येणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी व्यायाम थांबवायचा, माणसाला ताठ बसवायचे, कपडे आणि पट्टे सैल करायचे, लघवी तुंबली असेल तर ती काढायची आणि आराम न पडल्यास तडक दवाखाना गाठायचा. संवेदना नसलेल्या कातडीवर पट्ट्याचा वळ उठला तरी कळत नाही, म्हणून व्यायामानंतर ती डोळ्यांनी तपासावी लागते. निकामी पायांची हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे पाय आपटता कामा नये. मणक्याची इजा जितकी वर, तितका घाम येणारा भाग कमी, आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. व्यायाम भल्या सकाळी, सावलीत, ओला पंचा आणि पाणी जवळ ठेवून करावा. पण ही यादी व्यायाम टाळण्याच्या बाजूचा पुरावा ठरत नाही. बसून राहण्याचे धोके याहून मोठे आहेत, फक्त ते सावकाश येतात: मधुमेह, हृदयविकार, दाबाच्या जखमा आणि झिजलेले खांदे. एका तपासणीने आणि काही नियमांनी टळणारे धोके पुढे करून न टळणारे धोके पत्करणे हा सावधपणा म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप गावाकडून येतो: जो दिवसभर राबतो, त्याला व्यायाम कशाला? श्रम आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रमात काम ठरलेले असते आणि शरीराला त्यापुढे वाकावे लागते. तेच स्नायू, त्याच दिशेला, विश्रांतीविना. व्यायामात बोजा आपण निवडतो, दुर्लक्षित स्नायूंना तो देतो आणि मध्ये दिवस सोडून त्यांना भरून यायला अवधी देतो. दिवसभर कुबड्यांवर फिरून दुकान सांभाळणाऱ्याचे खांदे दणकट दिसतात, पण त्यांच्या मागच्या बाजूची ताकद तपासली तर ती बहुधा पुढच्यापेक्षा फार कमी भरते. त्याला जास्त श्रमांची गरज नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास उलट दिशेच्या कामाची आहे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आणि तो दिव्यांग चळवळीतूनच येतो. दोष पायऱ्यांचा असताना पायांना सुधारत का बसता? रॅम्प बांधा, बसची दारे रुंद करा, शौचालये नीट करा. माणसाला कणखर व्हायला सांगणे म्हणजे समाजाने आपली जबाबदारी त्याच्यावर ढकलणे. हे म्हणणे मला मान्य आहे, आणि ताकदीच्या व्यायामाचा पुरस्कार जर रॅम्पला पर्याय म्हणून होत असेल तर तो फेटाळलाच पाहिजे. पण रॅम्पसुद्धा कोणाच्या तरी दंडांनीच चढायचा असतो, आणि स्वतःच्या बळावर चढणे व कोणीतरी ढकलत नेणे यांत स्वातंत्र्याचा फरक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि क्रीडासुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. म्हणजे व्यायामाची जागा हीदेखील हक्काचीच बाब आहे. गावोगावी बसवलेल्या ओपन जिमकडे या नजरेने पाहिले तर उणीव लगेच दिसते. सिमेंटचा उंच कट्टा, जमिनीत पक्की रोवलेली बैठक, बाजूला खुर्ची न्यायला जागा नाही. ती बैठक काढता येण्याजोगी असती, तर त्याच यंत्रावर व्हीलचेअरवरचा माणूस व्यायाम करू शकला असता.

राहिला खर्चाचा आणि माहितगार माणसांचा प्रश्न. मोठी पुनर्वसन केंद्रे पुण्या-मुंबईत आहेत आणि वाशीहून पुणे दोनशेहून अधिक किलोमीटर. आठवड्यातून दोनदा तेथे कोणी जाणार नाही. पण तशी गरजही नाही. फिजिओथेरपिस्टचे काम सुरुवातीला असते आणि नंतर काही महिन्यांनी: काय करता येईल, काय टाळायचे, हे ठरवून देणे. मधले रोजचे काम तालमीतला जाणता वस्ताद किंवा शाळेतला क्रीडाशिक्षक थोड्या प्रशिक्षणाने करू शकतो. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी मल्लखांब दिव्यांगांपर्यंत नेला आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. देशी व्यायामशाळा या कामाला असमर्थ आहे, असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही. साहित्यही थोडे लागते: रबरी पट्टे, मनगटाला बांधायची वजने, एक रुंद बाक, भिंतीतल्या चार कड्या. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा राज्याचा दंडक आहेच. नगरपंचायतीला आणि ग्रामपंचायतींना त्यातून एवढी सोय जड जाऊ नये.

खरा अडथळा पैशांपेक्षा आपल्या मोजमापाच्या सवयीत आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर चाळीस टक्के, साठ टक्के असा आकडा असतो. सवलती आणि आरक्षणासाठी तो लागतो, आणि तो असलाच पाहिजे. पण तो फक्त काय गेले ते सांगतो. उरलेल्या हाताने किती किलो ओढता येते, आधाराशिवाय खुर्चीत बसता येते का, स्टुलावरून एका मिनिटात किती वेळा उठता येते, हे कोणी मोजत नाही, आणि जे मोजले जात नाही ते वाढवण्याचा विचारही होत नाही. साहित्यवाटपाच्या दिवशीच या तीन गोष्टींची नोंद घ्यावी, माणसाच्या हाती तीनचाकीबरोबर व्यायामाचा कागद द्यावा आणि बारा आठवड्यांनी पुन्हा मोजावे. सुधारणा झाली नाही तर कागद बदलावा, झाली तर ताण वाढवावा. या कामासाठी नवे खाते किंवा नवी योजना लागत नाही. शिबिराच्या अर्जात एक रकाना आणि तालुक्यात एक जबाबदार माणूस एवढे पुरते. ते होईपर्यंत वाटलेल्या प्रत्येक तीनचाकीचा खर्च अर्धवटच राहणार.